चौदाव्या प्रकरणात मेलेला ड्रमर

सिद्राम,
तुझी कादंबरी वाचली.
पोरीनं कॉलेजच्या लायब्ररीतून आणली होती. म्हणाली,
पप्पा, ह्यातल्या ड्रमरच्या भुवईवर
तुमच्यासारखीच खोक आहे की.

तू मला चौदाव्या प्रकरणात मारलंस.
पहाटे, रुळांवर, खिशात दोन काठ्या.
छान मारलंस, खोटं कशाला बोलू.
गिऱ्हाईक आलं तेव्हा माझे डोळे भरलेले.
त्याला वाटलं घरात काही झालंय.
सहा टॉवेलांचे पैसे
घासाघीस न करता देऊन गेला बिचारा.

रॉकवरच्या कादंबरीत कुणीतरी मरावंच लागतं,
एवढं मलाही कळतं.
गाणारा मेला तर पुस्तक संपतं,
गिटारवाला मेला तर वाचणारे शिव्या देतात.
उरतो मागं बसणारा.

पण ही लीना कोण बे?
माझ्या मढ्यावर पडून अडीच पानं रडते.
अंबूबाईनं ती पानं पोरीकडून दोनदा वाचून घेतली,
मग काही न बोलता शेंगाचटणी कुटत बसली.
त्या दिवशी चटणी फार बारीक झाली.

आणि ते डोंगरातलं गाव, धुकं, चर्चची घंटा.
आपल्याकडं कुठलं आलंय धुकं?
एप्रिलात ड्रमला हात लावला तर चटका बसायचा,
अख्तर नदाफ त्याच्यावर ओला पंचा टाकून ठेवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

साखर पेठेत माडीवर आपण,
खाली नानांचे आठ माग.
ते थांबायचे नाहीत, म्हणून आपण त्यांच्या चालीत बसलो.
तू लिहिलंस,
'ही लय त्याला कुठून मिळाली, कुणालाच ठाऊक नव्हतं.'
अख्ख्या पेठेला ठाऊक होतं रे.
तिसऱ्या नंबरच्या मागाचा धोटा
उजवीकडून परतताना जरा अडखळायचा,
तो अडखळा मी उचलला.
पुढं नानांनी तो माग दुरुस्त करून घेतला
तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही.
नानांना वाटलं, पोरगं कुठल्या पोरीत अडकलंय.
(त्यांचीही एक लीनाच म्हण.)

एक रात्र तू पुस्तकात घेतलीच नाहीस.
पार्क चौकाजवळचा हॉल, साठ-सत्तर माणसं,
तिसऱ्या गाण्यात लाईट गेली.
माईक गेला, अख्तरची गिटार मुकी,
तुझ्या बेसच्या तारा नुसत्या खाजवल्यासारख्या.
ड्रमला कुठं लागते वीज?
मी वाजवत राहिलो.
आधी शिट्ट्या, मग 'बस कर बे',
मग कुणीच काही बोललं नाही.
मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीच्या हातावर ठोकत होतं,
त्याचा हात कामाचा होता,
एकही ठोका चुकला नाही.

किती वेळ, माहीत नाही.
लाईट आली तेव्हा स्टेजवर मी एकटा.
तुम्ही सगळे कोपऱ्यावर चहाला.
आणि विंगेत हॉलचा वॉचमन, बॅटरी धरून.
माझ्या तोंडावर नाही,
पायावर.
पेडल दिसावं म्हणून.

त्याला कुणी सांगितलं असेल,
की माणूस तिथनं वाजवतो?

तू तिथं नव्हतास, लिहिणार कसा.

दुसरी आवृत्ती निघाली तर मला जिवंत करू नकोस.
मेलेला बरा दिसतोय मी,
जिवंत असतो तर आठव्या प्रकरणापासून
हिशेबाची वही लिहीत बसलो असतो.
लीनाही राहू दे, अंबूबाईला मी बघतो.
फक्त मरायच्या आधी, तेराव्यात कुठंतरी,
एक बॅटरी घाल.
धरणाऱ्याचं नाव नको, मलाही ते माहीत नाही.
खाली, पेडलापुरता उजेड.

बाकी ठीक. टॉवेलांचा धंदा मंदा.
इकडं आलास तर दुकानावर ये,
त्या रात्रीचा माझा चहा राहिलाय.

राजेशम कुचन