डोळ्यांनी पाहिलं तेवढंच

मी, रोलांदो नाउला, वय एकेचाळीस,
राहणार मिलफर्ड, मॅसॅच्युसेट्स,
धंदा छपरं शाकारण्याचा,
शपथेवर लिहून देतो की
सेगुंदो किश्पी याला मी सहा वर्षं ओळखतो.

तुम्ही म्हणालात, ऐकीव नको.
डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा,
आणि तारखा घाला.

तारखा मला येत नाहीत, वकीलबाई.
मला छपरं येतात.

पर्चेस स्ट्रीटवरचं हिरवं छप्पर घालत होतो
तेव्हा त्याच्या डब्यात नुसता चमचा निघाला.
बायकोनं उपास धरायला लावला काय, आम्ही विचारलं.
तो हसला. आम्ही जास्त हसलो.

शाळेमागच्या चर्चचं काम चाललं होतं
तेव्हा एका दुपारी त्याचा फोन अकरा वेळा वाजला.
दर वेळी तो शिडीवरूनच फोटो काढून पाठवायचा:
हे बघ छप्पर, हे बघ माझे बूट, हा बघ रोलांदो.
ते फोटो तुमच्या फाइलीत असतील
तर हात हलवणारं गाढव मी आहे.

जखमांचं म्हणाल,
तर छपरावरच्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत.
खिळा, पत्रा, शिडी, डांबर,
सगळे खोटी साक्ष द्यायला उभेच असतात.
हॉस्पिटलच्या कागदांवर तीनदा लिहिलंय:
शिडीवरून पडला.
सहा वर्षांत तो शिडीवरून एकदाही पडलेला नाही.
शिडी मी धरतो.

मग म्हाताऱ्या पोस्टमनचं घर. जुलै असावा.
डांबर मऊ झालेलं, सगळे उघडेबंब,
हा एकटा शर्टात.
मी थट्टेनं मागून पाइपाचं पाणी मारलं.
कापड पाठीला चिकटलं आणि आतून उमटलं
होडीसारखं काहीतरी, एका टोकाला निमुळतं,
वाफेच्या भोकांचे ठिपकेसुद्धा मोजता आले असते.
इस्त्री.
छपरावर इस्त्री नसते, बाई.
धाकटा ऑस्वाल्दो हसायला लागला होता,
मध्येच थांबला.

संध्याकाळी व्हॅनमध्ये तो जे बोलला ते ऐकीव,
म्हणून लिहीत नाही.
पासपोर्ट फ्रीजरमध्ये मटणाखाली कोणी ठेवला, लिहीत नाही.
‘एक फोन केला की विमानात बसशील’ कोण म्हणालं, लिहीत नाही.
पोलिसांकडे का नाही गेलास, मी विचारलं,
तर म्हणाला, मी चाळीस किलोचा गठ्ठा खांद्यावर नेतो,
ती माझ्या खांद्याला लागते. सांगू काय?
हेही लिहीत नाही.

तुमच्या खोलीत मी त्याच्या शेजारी बसलो होतो, तुम्हाला आठवेल.
तुम्ही सांगितलंत: कायद्याच्या नावात बाई आहे,
पण पोटात नवराही मावतो.
अर्ज त्याचा त्यानं करायचा.
तिची सही लागत नाही, तिला पत्र जात नाही.
पत्र जात नाही? त्यानं विचारलं.
खरंच जात नाही?
तिसऱ्यांदा विचारलं, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
केसांत एक पांढरी रेघ होती, बोटभर.
ती कुठल्या छपराच्या वेळची,
मला सांगता येणार नाही.

तुमच्या कागदावर एक रकाना आहे,
लग्न खरं होतं का.
मी होतो लग्नाला. केक माझ्याच मांडीवर आला, वुस्टरहून.
डेनिसनं त्याच्या कोटावर पडलेला केस
फुंकर मारून उडवला, आणि तो असा लाजला
की आम्ही महिनाभर त्याची नक्कल करत होतो.
हेही डोळ्यांनी पाहिलंय. हेही घाला.

सध्या तो माझ्या तळघरात झोपतो.
शर्ट चुरगळलेलाच घालतो.
परवा बायकोनं माझ्या, सहज विचारलं, आण इकडे,
दोन मिनिटांत कडक करून देते.
तो अंगणात जाऊन उभा राहिला.

वरील मजकूर मला माहीत आहे तेवढा खरा आहे.
सही: रोलांदो नाउला.
तारीख: प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, छप्पर अर्धं झालंय,
उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्री.