बाहेरची कड

म्हापशाच्या बाजारात चोरिसांच्या माळा लटकतात
त्या गल्लीच्या तोंडाशी माझी पेटी.
मी सावंतवाडीचा. फुटबॉल मला कळत नाही.
मिनिन रिबेलो कुठे कुठे खेळला ते मी पेपरात वाचलं नाही,
त्याच्या बुटांतून खरवडून काढलं.

पहिल्यांदा आला तेव्हा अठराचा असेल,
स्टडांच्या मधे शिवोलीच्या कापलेल्या शेताचे खुंट.
"शिवून दी, फाल्यां कलकत्त्याक वतां."
दोरा मेणातून ओढला, दुहेरी टाका घातला.
पैसे परत आल्यावर, म्हणाला.
दिले, मे महिन्यात.

मग दर मे महिन्यात.
कलकत्त्याची काळी, चिकट, सुकली की वाटीसारखी निघायची.
जालंधरची भुरी, पिठासारखी
(त्या क्लबाने चार महिन्यांचा पगार बुडवला).
शिलाँगच्या बुटांत पाइनच्या सुया.
कोळिकोडची आपल्यासारखीच तांबडी,
तिथे तो दोन वर्षं टिकला.
मधेच एकदा कतार: माती नाहीच,
काळे रबराचे दाणे, मोहरीएवढे.
पेटीच्या कोपऱ्यात अजून सापडतात.

अकरा क्लब, सोळा वर्षं.
शर्ट दर वेळी वेगळा, मोबाइलवर दाखवायचा.
पाय तोच.
डाव्या बुटाची बाहेरची कड आधी जायची,
त्याची चालच तशी,
मी न विचारता भरून द्यायचो.

दहाव्या वर्षी बाहेरची कड शाबूत.
आतली घासून पातळ,
आणि उजव्याचे टाचेकडचे स्टड निम्म्यावर.
भार सरकला होता.
गुडघा.
डॉक्टरच्या आधी, त्याच्या बायकोच्या आधी,
रापी हातात धरून मला कळलं.
तो समोर उसाचा रस पीत उभा.
"नव्या क्लबाची टेस्ट आहे सोमवारी," म्हणाला, मराठीत.
काही लपवायचं असलं की तो माझ्याशी मराठीत बोलायचा.
मी आत चामड्याची एक पट्टी जास्त घातली.
तिचे पैसे घेतले नाहीत.
बोललोही नाही.
तो पास झाला.
आणखी सहा वर्षं खेळला त्या पट्टीवर.

काल आला, पोतं खांद्यावर.
सपाट रस्त्यावरही आता जिना चढल्यासारखा चालतो.
पोत्यात पोरांचे बूट, बावीस जोड,
सगळ्यांना एकच माती, शिवोलीची.
मी एकेक उलटा करत गेलो.
एका जोडापाशी हात थांबला. आतली कड.
"ह्या पोराचा गुडघा बघ," म्हटलं.

त्याने बूट घेतला,
सोलवर अंगठा फिरवत राहिला, बराच वेळ,
मग माझ्याकडे असं बघितलं
की मी आरी शोधायला लागलो,
आरी हातातच होती.
"तुका तेन्ना कळिल्लें?"

पलीकडे चोरीसवाली कुणाशी तरी भावावरून भांडत होती.
मी म्हणालो, शुक्रवारी नको,
शुक्रवारी बाजाराची गर्दी असते,
तू गुरुवारी ये.