पाच डॉलर आणि ट्रॉलीचं भाडं

पेपरात माझ्या बापाचं नाव टोनी ग्रेग.
खरं अंतानास ग्रिगायटिस.
छापखान्यात एवढे खिळे नव्हते, म्हणायचा.

पिटस्टनच्या आर्मरीत तेव्हा
मैदानाभोवती तारेची जाळी असायची,
दोन पुरुष उंच.
चेंडू बाहेर जायचाच नाही.
माणूसही नाही.
आपटायचं, फिरायचं, पुन्हा आपटायचं,
आणि बाहेरून खाणकामगार
टोपीच्या दिव्यावर खिळे तापवून
पाहुण्यांच्या पोटऱ्यांवर फेकायचे.
पाहुणे म्हणजे दर आठवड्याला कुठेतरी आपणच,
हे सांगताना तो हसायचा.

चामड्याचा चेंडू, नाडी बांधलेला;
नाडीवर पडला की बुजऱ्या घोड्यासारखा भलतीकडे.
बावीस-एकोणीस म्हणजे गुणांचा पाऊस.

खेळ संपला की जाळी गुंडाळायची,
फरशीला मेण, कोपऱ्यात बँड,
आणि शिव्या देणाऱ्यांच्याच बहिणी
याच्याबरोबर नाचायला रांगेत.
आई त्यांतली नव्हती.
आई टाके घालायची:
भुवईवर तीन, हनुवटीला पाच,
रविवारच्या कोटाच्या काळ्या दोऱ्याने.

आठवड्यात सहा रात्री, तीन संघ,
तीन जर्सी एकाच पिशवीत.
स्क्रँटनला एकदा चुकीची घालून उतरला,
मध्यंतरापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.
मग पंचाईत ही, की पैसे मागायचे कुणाकडे.

फाउलचे फेक सगळे त्याचेच.
दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून, खालून,
भरली कळशी वर द्यावी तसे.
विल्क्स-बॅरीत सतरापैकी सतरा.
कात्रण होतं. उंदरांनी नेमका आकडा खाल्ला.

पुढे नियम बदलले, जाळ्या उतरल्या,
उंच पोरं आली.
त्याला काढलं असं कुणी नाही;
एका गुरुवारी मॅनेजरची तार आली नाही,
एवढंच.

आर्मरीने जाळी भंगारात काढली
ती त्याने दीड डॉलरला घेतली,
परसात कोंबड्यांचं खुराडं केलं.
संध्याकाळी अंडी आणायला जायचा
तो बराच वेळ आतच.
मी बोलवायला गेले की
पाठ तारेला टेकलेली,
एक अंडं दोन्ही हातांत,
गुडघे जरासे वाकलेले,
आणि नजर वर, कौलांच्या कडेला,
जिथे काहीच नव्हतं.

सूप निवतंय, मी म्हणायचे.
थांब, म्हणायचा,
शिट्टी व्हायचीय अजून.