यादीतली सातवी ओळ

एचआरच्या मनस्वी मॅडमनी प्रत्येकाच्या हातात
एक नारिंगी टीशर्ट दिला आणि एक लखोटा.
शनिवार, साडेआठ, रविवार कारंजा.
बाराच्या आत खजिना शोधायचा,
मोबाइलवर नकाशा बघायचा नाही.

आम्ही चौघं.
स्टोअरचे खैरनार, ज्यांचे गुडघे
पायऱ्या दिसल्या की आधी बोलतात,
क्वालिटीची रुबीना अत्तार, मी,
आणि यित्का, द्येचीनहून दोन वर्षांच्या करारावर आलेली.
हिला अंबड ते कॉलेज रोड एवढंच नाशिक माहीत
असं आम्ही आपसांत धरून चाललो होतो.

नारोशंकराची घंटा खैरनारांनी ओळखली.
चौथ्या खुणेला मी हरवलो.
जन्म सिडकोतला, गावात येणं
लग्नाच्या भांड्यांपुरतं आणि दहाव्यापुरतं.
बोहोरपट्टीच्या तोंडाशी मी डावीकडे वळलो
तर यित्का म्हणाली, मराठीत,
"इथून नको. गटार खोदलंय. दहीपुलाकडून."
कसं काय, विचारलं
तर मायक्रोमीटरचं माप सांगावं तशी म्हणाली,
"रविवारी मला कोणी बोलावत नाही ना. मी चालते."

रुबीनानं बुटाची नाडी सोडली
आणि परत बांधली.

पाचवी खूण: नाव घातलेलं भांडं.
भांडी बाजारात एका ओट्यावर
म्हातारबुवा मशीन घेऊन बसलेले.
पितळी फुलपात्र उलटं धरून विचारलं, "नाव?"
"यित्का."
"कोणाकडून?"
आता हिच्याकडे कोण आहे,
मामा नाही, आत्या नाही, रुखवत नाही.
मशीन नुसतंच गुणगुणत राहिलं.
खैरनार खाकरले. "आमच्याकडून लिहा."
"आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?"
"अहो, लिहा ना तुम्ही."
टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी उमटलं:
*यित्का हिस आमच्याकडून.*
वर चाळीस रुपये.

सहावी सोडून दिली. सातवी अशी होती:
दोन तोंडं, पण बोलत नाही,
याच्या कमरेला पाणी लागलं
की अख्खं गाव बघायला येतं.

हे मात्र मला येत होतं!
गंगेवर पळालो. (आम्ही गोदावरी म्हणत नाही,
ते बाहेरच्यांसाठी.)
दुतोंड्या मारुती फेब्रुवारीच्या उन्हात कोरडा उभा,
पायाशी कुणाचं तरी धोतर वाळत घातलेलं.
मी तिला दाखवलं: इथं गुडघा, म्हणजे पाणी सुटलं,
इथं छाती, म्हणजे दुकानं आवरा,
गळ्याशी आलं की वडील काही बोलायचे नाहीत,
रेडिओ बंद करायचे.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, आमच्या गावीही आहे.
उभा नाही, आडवा. नदीच्या पोटात दगड.
लाबेचं पाणी फार आटलं तरच दिसतो.
त्यावर जुनी वर्षं कोरलीत, ज्या ज्या वर्षी
लोक उपाशी राहिले.
आजी म्हणायची, तो दिसायला नको.

फोटो काढायचा राहिला.
पायरीवर बसून आम्ही फुलपात्रातून पाणी प्यायलो,
एकेक करून, वरून.
बारा वाजून गेले. आम्ही शेवटचे आलो.
अकाउंट्सवाल्यांना सहा लिटरचा कुकर मिळाला,
तो अजून त्यांच्या कपाटावर खोक्यातच आहे.

करार संपला, ती गेली.
परवा ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं,
मी रामसेतूवर गर्दीत उभा राहून
दुतोंड्याचा फोटो पाठवला, छातीपर्यंत.

तासाभरानं तिचा आला:
नुसती नदी. करडी, रुंद, काठोकाठ.
मी मोठा करून पाहिला, कोपरे पाहिले.
खाली मराठीत एवढंच,
"बघ, काहीच दिसत नाही."