कडीचा दोष

असोळण्यात एर्मेलिंडाबाईंचा ओव्हन
तीन दिवस दार उघडत नाही.
मुलानं टोरांटोहून पाठवलेला,
आतला तेलकटपणा आपला आपण जाळून घेणारा.
"घासायला लागू नये म्हणून," त्या म्हणाल्या,
"आता बघ, घासू म्हटलं तरी उघडत नाही."

आधी मेन बंद. दहा मिनिटं थांबायचं.
हे कुणालाच पटत नाही,
दुरुस्तीवाला आला आणि खुर्चीत बसला.
त्यांनी कोकम सरबत दिलं, फेस्त रविवारी.
बेबिंका शेजारणीच्या ओव्हनमध्ये करायची वेळ आली.
"तिच्या ओव्हनात माझी बेबिंका! कितें सांगूं."

मेन चालू.
मोटर घुरघुरते, कडी पुढे जाते, मागे येते,
पुन्हा पुढे.
जागा तिला सापडलीय,
पण कुणी हो म्हणत नाही.
म्हणजे मोटर ठीक.
हो म्हणणारा एक स्विच असतो, नखाएवढा.

पत्रा काढला. स्क्रूंच्या डोक्यांत खारं वारं गंजून बसलेलं.
टॉर्च दातांत धरून स्विच खोलला,
दोन पत्त्यांच्या मधोमध
एक मुंगी,
चपटी, तांबडी, कधीची कोण जाणे.

ब्रशनं काढली. मीटर वाजला.
कडी एकदाच सरकली आणि गप्प.
आत चिमूटभर पांढरी राख.

मुंगी कागदावर ठेवून दाखवली.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिली बराच वेळ.
"हिचा फोटो काढ. त्याला पाठवते.
तो म्हणतो, नवीन घे."

बिलावर मजुरी लिहिली, तीनशे.
सुट्या भागांच्या रकान्यात
काही नाही.