धक्का

माझं काम साधं आहे. फेरीबोट लागायला आली की
दोर फेकायचा, लोखंडी फळी सोडायची,
आणि बोट नि धक्का यांच्यामधली फट बुजेपर्यंत
कुणालाही पुढे येऊ द्यायचं नाही.
दिवसातून बावीस वेळा. एकोणीस वर्षं.

सुन्निवाला ती फटच नाही.
मनात येतं आणि झालेलं असतं.
रात्री तीन वाजता स्वयंपाकघराचं दार पिवळं,
तेही अर्धंच, कारण मधेच आठवलं की केस कापायचेत.
आजोबांचं अकॉर्डियन विकून
अख्ख्या वर्गाला कोळंबी.
आणि मागच्या ऑक्टोबरात, शेवटच्या फेरीला,
धक्का दोन मीटर लांब असताना
तिने उडी मारली.
पोचली. वळून हसली माझ्याकडे, गुडघ्यातून रक्त.
मी ओरडलो नाही. हातातला दोर मात्र
पाण्यात गेला.

मग ते आठवडे,
भिंतीकडे तोंड करून पडलेले.
हाक मारली तर पाय तेवढा हलतो.

ओलेसुंदच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोटार काढली:
इंजिन मोठं, ब्रेक लहान, वाढतील हळूहळू.
दोन नावं दिली, एक लक्षाचं, एक भरती-ओहोटीचं,
आणि सात खणांची डबी.
मी मान डोलावली. मोटारींतलं मला फारसं कळत नाही.
शेजारची ग्रो म्हणते, लाडावलीय पोर.
ग्रोला उत्तर द्यायचं मी टाळतो. ते मला जमतं.

काल संध्याकाळी ती डेकवर माझ्याशेजारी होती.
कुणाचा तरी मेसेज आला. चेहरा पांढराफटक,
फोन धरलेला हात कठड्याबाहेर.
माझ्या दोन्ही हातांत दोर. तिला धरणार कसं?
मनातल्या मनात मोजलं: एक. दोन.
तिचेही ओठ हलत होते.
तीन. चार.

मग फेकलाच.

"चारपर्यंत थांबले," पाण्याकडे बघत ती म्हणाली,
"पाचाला काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही."

फळी सोडली. गाड्या उतरल्या.
नोंदवहीत, वाऱ्याच्या रकान्याखाली, मी लिहिलं:
सहा चाळीस. चार सेकंद.
कप्तानाने विचारलं, हे काय?
अंतर, म्हटलं.
फोनचे हप्ते अजून अकरा राहिलेत.