मठार

फळ्यावर निळ्या शाईत पाच गोल काढले होते.
प्रत्येक गोलात एक पेशा, मधोमध लिहिलं होतं: रुग्ण.
मी दाराशी सतरंजीवर पट्टा शिवत होतो.
गोलात मी नव्हतो. वाईट वाटायला वेळही नव्हता,
संध्याकाळपर्यंत तीन कॅलिपर द्यायचे होते.

मधल्या गोलात रंगनाथ तांबट.
उजवी बाजू गेलेली, बोलणंही तिच्याबरोबर.
पन्नास वर्षं तांब्यावर चाललेला हात
मांडीवर ठेवलेला,
कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.

फिनलंडची आइला म्हणाली, आधी शर्टाचं बटण.
किगालीची इमाकुले म्हणाली, आधी खाटेपासून संडासापर्यंत.
कंबोडियाचा सोफाल काहीच म्हणाला नाही,
त्यांचं मनगट हातात घेऊन वजन बघत राहिला,
बाजारात भोपळा बघावा तसा.
इंग्रजी प्रत्येकाचं वेगळ्या गिरणीत दळलेलं.
मुमताज पिंजारी ते सगळं मराठीत करायची,
आणि तांबटांचं गप्प राहणं इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी ते बोलले. म्हणजे एवढंच: "मठ."
पुन्हा "मठ". कपाळाला घाम येईपर्यंत.
चर्चा झाली. पंचवटीत मठ आहेतच.
फळ्यावर सहावा गोल आला: आध्यात्मिक गरज.
रिक्षा सांगायचंही ठरलं.

डाव्या हाताची बोटं मात्र टेबलावर पडत होती,
ठक ठक, ठक. ठक ठक, ठक.
बाप तोफखान्याच्या खेचरांची खोगिरं शिवायचा,
कड्या घ्यायला देवळालीहून भांडीबाजारात यायचा,
मी त्याचं बोट धरून. तोच आवाज.
दातातली सुई काढून मी म्हटलं,
"मठ नाही हो. मठार. मठारकाम म्हणतायत."

तांबट रडले की हसले,
अर्ध्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

मग सोफालने मनगटाला पट्टी घडवली.
आइलाने सायकलची ट्यूब गुंडाळून दांडा जाड केला.
इमाकुले मागून खांदा धरून उभी.
मुमताज प्रत्येक ठोक्याला एक अक्षर मागायची.
पट्टा माझा.
पहिला ठोका पाटावर, दुसरा आइलाच्या अंगठ्यावर.
सतराव्याला तांब्याला खळगा पडला. वाकडा.
तांबटांनी तो अंगठ्याने चाचपला आणि तोंड वाकडं केलं,
शिकाऊ पोराचं काम बघितल्यासारखं.

शेवटच्या दुपारी सुरगाण्याची यमुना गावित उभी राहिली.
"तुम्ही उद्या विमानात बसाल.
माझ्याकडे एक खोली, एक कपाट, बाहेर चाळीस माणसं.
मी एकटी पाचजण कशी होऊ?"
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
आइलाने पेनचं टोपण लावलं, काढलं.
इमाकुले म्हणाली, "नाही होता येत.
मी डोंगरावर चार वर्षं एकटी होते.
पण दुसऱ्याचं काम हाताला थोडं माहीत असावं,
कुणाला कधी हाक मारायची ते कळण्याइतकं."
आणि माझ्या सतरंजीवर येऊन बसली: "शिकव."
यमुनाही बसली. आरी बोटात गेली, शिवी कोकणीत दिली.
सगळ्यांना कळली.

फळा पुसला, पण शाई पक्की होती,
गोल अजून दिसतात.

सात वाजता फोन. मागे कंडक्टर ओरडत होता,
दिंडोरी, वणी, सुरगाणा.
"मामा, दोन टाक्यांत अंतर किती?"
"तांदळाचा दाणा मावेल एवढं.
फार जवळ घेतलेस तर कातडं फाटतं."
"आणि लांब?"
बस सुटली असावी. आवाज तुटला.